हळद, सामू आणि कृष्णाकाठची जमीन

सांगलीच्या पेठेचे नाव हळदीने सर्वदूर नेले आहे. या हळदीचा एक गुण घरोघरी ठाऊक असतो. हळदीच्या डागाला साबण लावला, की पिवळा डाग तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळले, की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. ही रसायनशास्त्रातील आम्ल-अल्कांची परीक्षाच होय. लिंबू, चिंच, ताक यांत आम्ल असते. चुना, धुण्याचा सोडा, राखेचे पाणी हे अल्कधर्मी. दोहोंचे योग्य प्रमाणात मिश्रण केले, तर एकमेकांचा गुण ती मारून टाकतात.

परंतु 'किती आम्ल, किती अल्क' हे हळद नेमके सांगत नाही. त्यासाठी मोजपट्टी हवी. ती १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन या शास्त्रज्ञाने दिली. तिला आपण सामू म्हणतो. द्रावणात हायड्रोजनचे भारित कण जितके अधिक, तितका सामू कमी. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या जवळपास, तर उसाच्या रसाचा ५ च्या थोडा वर असतो. येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. या पट्टीवरील प्रत्येक पायरी दसपटीची आहे. सामू ७ वरून ९ वर गेला, म्हणजे हायड्रोजनचे कण शंभरपट घटले.

आता ही पट्टी घेऊन कृष्णेच्या काठाने चालू या. महाबळेश्वरी, जेथे कृष्णा उगम पावते, वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तो मातीतील चुनखडी व इतर क्षार धुऊन नेतो. म्हणून तेथील तांबडी माती आम्लधर्मी असते आणि स्ट्रॉबेरीला ती मानवते. वाई, कऱ्हाड ओलांडून नदी सांगलीकडे येते, तेव्हा पावसाचे मान त्याच्या दहाव्या हिश्श्यावर उतरलेले असते. येथे काळी, निचऱ्यास मंद अशी जमीन आहे. तिच्यावर बारमाही उसाला पाटाने मुबलक पाणी दिले, की भूजल वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. वाळवे, पलूस, मिरज या तालुक्यांत अशा रानांवर पांढरे थर दिसतात.

या क्षारपड जमिनींत दोन जाती आहेत, आणि त्या ओळखण्यात चूक झाली तर पैसा व श्रम वाया जातात. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार फार असतात, पण सामू साधारणतः ८.५ च्या आत असतो. चर खणून निचरा करावा, चांगल्या पाण्याने क्षार धुवावेत, की ती सुधारते. चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर असतो. तिच्या चिकणमातीला सोडियम चिकटलेला असतो. त्यामुळे माती विखरून छिद्रे बुजतात, पाणी साचते, आणि उन्हाळ्यात ढेकूळ दगडासारखे होते. ती नुसत्या पाण्याने सुधारत नाही. तिला जिप्सम घालावे लागते. जिप्सम हे आम्ल नव्हे. त्यातील कॅल्शियम सोडियमला हुसकून त्याची जागा घेते. सुटलेला सोडियम पाण्यासोबत बाहेर जावयास हवा. निचऱ्याची वाट नसेल, तर तो तेथेच राहतो आणि जिप्समचा खर्च मातीत जातो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: पांढरा थर दिसताच जिप्समची पोती आणू नयेत. आधी मातीचा नमुना तपासून सामू व क्षारांचे प्रमाण पाहावे, निचरा करावा, आणि मग औषध द्यावे. आणि ज्यांचे रान अद्याप चांगले आहे, त्यांनी पाणी उसाच्या गरजेपुरतेच द्यावे.