केपटाऊनची मिरवणूक आणि चाळीस जॅकेटांची बटणं

परदेशी जाताना आपण लोणचं, मसाले, मुलांची औषधं सगळं आठवणीने बांधतो. काही वर्षांपूर्वी मिस्टरांच्या नोकरीमुळे वर्षभर केपटाऊनला राहायचं ठरलं, तेव्हा शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मीही तशीच बॅग भरली. अम्मीने निघताना त्यात कशिद्याची रिंग, सुयांची डबी आणि रेशमी लडी कोंबल्या. "तिथे वर्गात मुलं नसणार तुझ्या. हात रिकामे राहिले की डोकं भरकटतं," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं ठरलं. जूनमध्ये तिथे कडाक्याचा हिवाळा आणि पाऊस. मिस्टर कामावर, मुलगी शाळेत. मी खिडकीशी बसून उशांचे अभ्रे भरू लागले. साखळी टाका, काश्मिरी टाका, गाठी टाका, बीएडला असतानाही जेवढं भरलं नसेल तेवढं तीन महिन्यांत भरलं.

आमचं घर बो-काप या जुन्या मुस्लिम वस्तीजवळ होतं. चढावरचे दगडी रस्ते आणि रंगीबेरंगी घरं. इथल्या लोकांचे पूर्वज डच काळात गुलाम किंवा कैदी म्हणून आणले गेले. कोणी इंडोनेशियातून, कोणी मादागास्करहून, तर कोणी बंगाल आणि मलबारच्या किनाऱ्यावरून. डॉर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद १७९४ ची, दक्षिण आफ्रिकेतली सर्वांत जुनी. तिचे पहिले इमाम तुआन गुरू तिदोर बेटाचे. रॉबेन बेटावर कैदेत असताना त्यांनी आठवणीतून कुरआन शरीफ लिहून काढलं. मराठी माणसाला माहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रत्नागिरी-रायगडचे आपले कोकणी मुसलमानही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या शहरात आहेत. एका दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी माझ्याशी जी बोली काढली, ती मी फक्त माझ्या नानीच्या तोंडून ऐकली होती.

शेजारी एक वयस्कर बाई राहत. सगळे त्यांना आंटी म्हणत, मीही म्हणू लागले. त्या कपडे शिवत. ऑक्टोबर लागला तशी त्यांच्या घरात सॅटिनची ठाणं येऊ लागली. झगझगीत हिरवं आणि पिवळं. माझ्या हातातली रिंग बघून त्या म्हणाल्या, "कनाला, बटणं लावून देशील?" कनाला म्हणजे कृपा करून. मूळ मलायी शब्दांचा अर्थ 'अल्लाहसाठी'. असं म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

लहान मुलांची चाळीस जॅकेटं होती. सॅटिन मोठं नखरेल कापड. जाड टाचणी टोचली की भोक कायमचं राहतं, कडेचे धागे सुटतात, आणि सगळे तुकडे एकाच दिशेने बेतले नाहीत तर चकाकीत फरक दिसतो. आंटी बारीक सुईने आधी कच्चा टाका घालत, मगच मशीन चालवत. अजान झाली की मशीन बंद.

हे कपडे होते 'क्लोप्स'च्या पथकांसाठी. दर वर्षी २ जानेवारीच्या सुमारास ही पथकं गात-नाचत शहरातून निघतात. मिस्टरांना कळलं तेव्हा ते नाराज झाले. "तोंड रंगवून नाचणाऱ्यांसाठी तू शिवतेस?" मलाही तेच खुपत होतं. मी सरळ आंटींना विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. १ जानेवारीला मालकांच्या घरी मेजवान्या असत, गुलामांना राबावं लागे. २ तारीख त्यांची. वर्षातला तेवढा दिवस स्वतःचा. कायद्याने गुलामगिरी १८३४ मध्ये संपली, पण पुढे चार वर्षं उमेदवारीच्या नावाखाली राबवून घेतलं गेलं. खरी सुटका १८३८ मध्ये. तो दिवस मात्र लोकांनी सोडला नाही. आंटींचे वडील डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये शिंपी होते. १९६६ मध्ये तो भाग फक्त गोऱ्यांचा ठरवला गेला, साठ हजारांवर माणसांना हलवलं, घरांवर बुलडोझर फिरवले. "सामान बांधलेलं होतं, तरी अब्बा रात्री जॅकेटं शिवत होते. म्हणाले, घर घेतील, दिवस कसा घेतील?"

नाचगाण्याबद्दल आलिमांची मतं आपल्याला ठाऊक आहेत. तिथल्या मुसलमानांतही यावर वाद होतात. आंटी स्वतः मिरवणुकीला जात नसत. मी त्या वादात निवाडा द्यायला बसलेली नाही. पण आंटींचं ऐकल्यावर त्या रंगलेल्या तोंडांकडे मला पहिल्यासारखं बघता येईना.

३१ डिसेंबरच्या रात्री मलायी गायकमंडळं बो-कापच्या गल्ल्यांतून फिरली. घराघरांपुढे टेबलं मांडून लोक त्यांना खाऊ घालत होते. आंटींच्या टेबलाशी मी समोसे तळले. मिस्टर ताटं उचलू लागले, न सांगता.

मिरवणुकीच्या दिवशी आम्ही वेल स्ट्रीटच्या कडेला उभे होतो. आधी घूमा ढोलकीचा आवाज आला, मग छत्र्या, मग सॅटिनचा पूरच. मुलगी ओरडली, "अम्मी, तुझी बटणं!" हिरव्या-पिवळ्यातली आमची पोरं आली. एका सात-आठ वर्षांच्या मुलाचं मधलं बटण धाग्याला लोंबत होतं. मीच लावलेलं! तो एका हाताने ते धरून नाचत होता. तिथे जानेवारीत सूर्य आठला मावळतो. मगरिबला आम्ही मशिदीकडे वळलो तरी पथकं येतच होती.

मी आंटींना बटणाचं सांगितलं. त्या खूप हसल्या. मग उठून त्यांनी संदुकीतून मलमलीत गुंडाळलेला रुमाल काढला. तो मेदोरा होता. हजहून आलेल्या बायका आणि नवऱ्या मुली डोक्याला बांधतात तो जरीचा तलम रुमाल. त्यांच्या अम्मीचा. जर काळवंडली होती, एका कोपऱ्यात सुटलीही होती. नातीचं लग्न ठरलं होतं. आंटींच्या डोळ्यांना आता एवढं बारीक काम झेपत नव्हतं.

जरीचं काम आपल्या कलाबतूसारखंच. जर कापडातून ओवायची नाही, वर ठेवून रेशमाच्या बारीक टाक्यांनी बसवायची. ओढली की तुटते. एका कोपऱ्याला मला अकरा दिवस लागले. रोज जुहरनंतर, उजेड असेपर्यंत. एकही टाका सैल राहू दिला नाही. आंटींनी मजुरी देऊ केली, मी घेतली नाही. तेव्हा त्यांनी खोबरं लावलेल्या कूसिस्टरचा डबा बरकत म्हणून हातात ठेवला. त्याला नाही म्हणायची तिथे रीत नाही.

आता परत शाळेत आहे. परदेशी निघालेल्या भगिनी विचारतात, काय न्यावं? मी सांगते, सुयांची डबी न्या, आणि पोहोचल्यावर शेजारीण काय शिवतेय ते विचारा. बटणं मात्र पक्की लावा.