खानदेशी घरातील काटकसर : पाणी, इंधन आणि ऊन

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी तापी अशा विस्तृत खोऱ्यात खानदेश वसला आहे. पूर्वीचा पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला व त्यातून १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. कपाशी, केळी, ज्वारी, बाजरी आणि भुईमूग यांनी समृद्ध असलेल्या या प्रदेशाचा उन्हाळा मात्र कठोर असतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, विहिरी तळ गाठतात आणि अनेक गावांतील स्त्रियांचा व मुलींचा दिवस पाण्याच्या हंड्याभोवती फिरू लागतो. अशा ठिकाणी काटकसर म्हणजे केवळ चार पैसे मागे टाकणे नव्हे. मे महिन्यात घरात वाचलेला एक हंडा म्हणजे विहिरीची वाचलेली एक खेप होय. आणि चुलीत वाचलेली एक मोळी म्हणजे सातपुड्यातील वाचलेली झाडाची फांदी होय.

जवळची साधने नीट पारखून वापरावीत, हा विचार या भूमीस नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झाले. महात्मा गांधींच्या इच्छेनुसार त्याची सजावट बांबूसारख्या खेड्यात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून करण्यात आली आणि ते काम थोर चित्रकार नंदलाल बोस यांनी केले. साध्या वस्तूंतूनही सोय आणि शोभा दोन्ही साधतात, हे फैजपूरने त्या वेळी दाखवून दिले. हाच विचार आज आपल्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात व अंगणात कसा आणता येईल, याचा येथे विचार करू.

पाणी : शिळे नव्हे, शिल्लक

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी फड पद्धत या नावाने ओळखली जाणारी सिंचनाची व्यवस्था शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा घालावयाचा, पाट काढावयाचा आणि गावाने मिळून ठरविलेल्या पाळीने प्रत्येकाच्या शेतास पाणी द्यावयाचे, असा तिचा गाभा होता. पाणी थोडे असले तरी त्याची वाटणी आधी ठरलेली असली म्हणजे ते पुरते, हा तिचा धडा घरासही लागू पडतो.

ज्या गावांत व शहरांत नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, तेथे एक जुनी चाल अद्याप आढळते. नवे पाणी आले की भरून ठेवलेले आधीचे पाणी शिळे झाले म्हणून ओतून दिले जाते. वस्तुतः स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढलेले पाणी दोन-चार दिवसांत खराब होत नाही. पाणी बिघडते ते उघड्या भांड्यामुळे आणि आत बुडणाऱ्या हातामुळे. तरीही ते पिण्यास नकोसे वाटल्यास भांडी घासणे, फरशी पुसणे, कपडे भिजविणे यांसाठी वापरावे. मात्र आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी व टाक्या रिकाम्या करून, घासून, कोरड्या कराव्यात. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाची अंडी साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतात, हे ध्यानी ठेवावे.

मिनिटास ६ लिटर पाणी सोडणारा नळ भांडी घासताना १० मिनिटे उघडा राहिला तर ६० लिटर, म्हणजे १५ लिटरचे चार हंडे पाणी वाहून जाते. तेच काम दोन घमेल्यांत, एकात घासून व दुसऱ्यात विसळून केल्यास सव्वा हंड्यात होते. गळक्या नळाखाली रात्री पातेले ठेवून सकाळी ते मोजावे. नळाची चकती बदलण्याचा खर्च किती लवकर भरून निघेल, ते त्या पातेल्यावरूनच कळेल.

डाळ-तांदूळ धुतलेले पाणी तुळस, कढीपत्ता व कुंड्यांना द्यावे. न्हाणीघराचे पाणी गटारात न सोडता अंगणातील केळी, पपई किंवा अळूकडे वळवावे. कच्च्या खावयाच्या पालेभाज्यांस मात्र साबणाचे पाणी देऊ नये. ज्या घरास अंगण आहे त्यांनी सांडपाण्यासाठी शोषखड्डा केल्यास दारातील चिखल व डास कमी होतात आणि पाणी जमिनीत मुरते.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. ५० चौरस मीटरच्या छपरावर वर्षास ६०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरल्यास ३०,००० लिटर पाणी होते. गळती व बाष्पीभवन वजा जाता यातील तीन-चतुर्थांश जरी कूपनलिकेजवळील किंवा विहिरीजवळील खड्ड्यात मुरले, तरी दीड हजार हंडे पाणी आपल्याच भूमीत राहते. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी छप्पर धुऊन येते; ते बाजूस सोडून द्यावे.

गारवा : कोरड्या हवेचा लाभ

खानदेशातील उन्हाळ्याची हवा तापलेली असते, तशीच ती कोरडीही असते. ही कोरडी हवाच माठाचे सामर्थ्य होय. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. १० लिटर पाणी ८ अंशांनी थंड होण्यास साधारणपणे १४० मिलिलिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. म्हणजे पेलाभर पाण्याच्या मोबदल्यात घागरभर गारवा मिळतो आणि विजेचा खर्च शून्य राहतो. दमट हवेच्या कोकणात माठ इतका गार होत नाही, त्याचे कारण हेच. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत, वाळूवर ठेवावा. त्याची छिद्रे बुजू नयेत म्हणून बाहेरून तेलकट हात लावू नये आणि रंग देऊ नये.

कूलरचे तत्त्वही तेच आहे. कूलरला साधारणपणे दीडशे ते दोनशे वॅट वीज लागते, तर दीड टनी वातानुकूलन यंत्र चालू असताना त्याच्या कितीतरी पट वीज घेते. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवणे आवश्यक आहे; खोली बंद ठेवल्यास हवा दमट होते आणि गारवा नाहीसा होतो. कूलर पाणीही पितो, हे विसरू नये. यास्तव टंचाईच्या काळात तो दुपारच्या कडक प्रहरापुरता वापरावा.

जुन्या खानदेशी धाब्याच्या घरांत जाड मातीचे छप्पर दिवसाची उष्णता आत येण्यास विलंब लावीत असे. सिमेंटच्या गच्चीस व पत्र्यास हा गुण नाही. गच्चीवर फेब्रुवारीअखेर चुन्याची दाट सफेदी दोन हात दिल्यास ऊन परावर्तित होऊन खालची खोली कमी तापते. चुना विरविताना तो उकळतो व उडतो. म्हणून डोळे जपावेत आणि मुलांस दूर ठेवावे. सकाळी नऊपूर्वी खिडक्या लावून पडदे ओढावेत व सूर्यास्तानंतर त्या उघडाव्यात. पश्चिमेच्या खिडकीवर वाळ्याचा ओला पडदा टांगल्यास दुपारची झळ मोडते.

इंधन : चुलीपासून उष्णता-पेटीपर्यंत

खानदेशच्या खेड्यांत कपाशीच्या काड्या, ज्यांस पऱ्हाट्या असेही म्हणतात, हे हक्काचे सरपण आहे. येथील प्रसिद्ध भरताची वांगी याच काड्यांच्या जाळावर भाजली जातात. जळगावच्या भरीत वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु या काड्यांचा ढीग शेतात किंवा बांधावर पावसाळ्यापर्यंत पडून राहिला तर त्यातील वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढील हंगामातील कपाशीवर उतरते. २०१७ साली या अळीने राज्यातील कापूस उत्पादकांचे केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे. यास्तव सरपणापुरत्या काड्या किडकी बोंडे काढून आणाव्यात, त्या उन्हाळ्यातच संपवाव्यात आणि उरलेल्या काड्यांचे यंत्राने बारीक तुकडे करून कंपोस्ट खत करावे. चार महिन्यांच्या सरपणासाठी वर्षाचे पीक धोक्यात घालणे ही काटकसर नव्हे.

गॅस आला तरी इंधन वाचविण्याची गरज संपत नाही. डाळी व कडधान्ये आधी भिजत घालावीत, पातेल्यावर झाकण ठेवावे, उकळी फुटल्यावर ज्योत लहान करावी. पाणी एकदा उकळू लागले की मोठ्या ज्योतीने ते अधिक तापत नाही, केवळ वाफ अधिक होते. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांस उकळते व डाळ लवकर शिजते.

याहून सोपे साधन म्हणजे उष्णता-पेटी. जुन्या लाकडी खोक्यास किंवा मोठ्या टोपलीस आतून जुनी गोधडी अथवा कापसाची जाड गादी लावावी आणि मध्यभागी पातेल्याएवढी जागा ठेवावी. भात किंवा डाळ आठ-दहा मिनिटे खळखळून उकळली की झाकणासह पातेले आत ठेवून वरून गादीने घट्ट झाकावे. भात साधारणपणे तासाभरात, डाळ दोन-तीन तासांत आपल्याच उष्णतेवर शिजते. पेटीतील अन्न गरम असतानाच खावे. ते कोमट होऊन तसेच राहू देऊ नये. कापसाच्या प्रदेशात या पेटीस वेगळा खर्च पडत नाही.

ऊन : शत्रू नव्हे, सेवक

ज्या उन्हास आपण चार महिने चुकवितो, तेच आपल्या घराचे सर्वांत मोठे भांडवल आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौर वीज प्रकल्प उभा राहिला, तो या उन्हाच्या भरवशावरच. घराच्या छपरासाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. तीत १ किलोवॅटच्या संचास ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये व ३ किलोवॅट आणि त्यापुढे ७८,००० रुपये असे अनुदान ठरविण्यात आले. १ किलोवॅटचा संच चांगल्या उन्हात दिवसास सुमारे ४ युनिट वीज देतो.

परंतु उन्हाचा उपयोग करण्यास यंत्रच हवे असे नाही. बिबडे, कुरडया, पापड आणि सांडगे ही आपली उन्हाळी वाळवणे म्हणजे सूर्याने फुकट करून दिलेले वर्षाचे कोठार होय. वाळवणे पातळ सुती कापडाने झाकावीत. साठवणीचे धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून, थंड झाल्यावर, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह भरावे. पेरणीचे बियाणे मात्र तीव्र उन्हात तापवू नये. त्याची उगवणशक्ती घटते. सौर चुलीत काळ्या रंगाच्या झाकणबंद डब्यांतून डाळ, भात व भाज्या दोन-तीन तासांत शिजतात; शेंगदाणेही भाजता येतात. भाकरी तीवर होत नाही. पण सकाळी शेतावर जाताना लावलेले वरण दुपारी तयार मिळते.

विजेच्या बाबतीतही हिशेब डोळे उघडणारा आहे. ७५ वॅटचा पंखा उन्हाळ्यात दिवसास १८ तास फिरला तर महिन्यास सुमारे ४० युनिट वीज लागते; सुमारे ३० वॅटच्या नव्या पंख्यास १६ युनिट पुरतात. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटचा एलईडी दिवा करतो.

टाकाऊ नव्हे, टिकाऊ

जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल तालुक्यांत केळीच्या बागा विपुल आहेत. पंगतीस केळीची पाने असताना थर्मोकोलची ताटे आणण्याचे कारण नाही; राज्यात २०१८ पासून अशा ताटांवर बंदीही आहे. जेवणानंतर ही पाने गुरांच्या तोंडी किंवा खतात जातात. जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या व बाजाराच्या पिशव्या, राखेने घासलेली भांडी, भाजीच्या देठांचे खत ही आपल्या आज्यांनी पाळलेली शिस्त होती. राखेतील क्षार तेलकटपणा काढतात, त्यामुळे पाणी व साबण दोन्ही कमी लागतात.

घरातील या लहान गोष्टींचा परिणाम डोंगरापर्यंत पोहोचतो, याचे उदाहरण साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी गाव होय. तेथील ग्रामस्थांनी श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने वृक्षतोडीस बंदी घालून चारशेहून अधिक हेक्टर वन राखले. वनाबरोबर विहिरींचे पाणीही वाढले. श्री. पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. वन राखण्याचा निर्णय गावसभेत झाला, तरी तो पाळला गेला तो घरोघरच्या चुलीपाशी.

काटकसरीचा भार एकट्या गृहिणीवर टाकल्यास ती टिकत नाही. नळाची चकती बदलणे, गच्चीस चुना देणे, शोषखड्डा खणणे ही घरातील पुरुषांची व तरुणांची कामे आहेत. वीजबिलाचा मासिक हिशेब शाळकरी मुलांनी ठेवावा. या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वरीलपैकी कोणत्याही दोन गोष्टी निवडून अंमलात आणाव्यात आणि मे महिन्याअखेर किती हंडे, किती युनिट व किती सरपण वाचले, ते मोजून पाहावे. मोजून पाहिलेली बचत घराघरांतून टिकते, आणि खानदेशाच्या विहिरींना व वनांना आज तिचीच निकड आहे.