गहू न सोसणाऱ्यांचे ताट

सीलिअ‍ॅक हा संसर्गजन्य आजार नव्हे. गहू, जव व राय यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे रुग्णाच्या लहान आतड्यास इजा होते. खाल्लेले अंगी लागत नाही. डच बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाशी असलेला हा संबंध मांडला. आजही जन्मभर पथ्य हाच उपाय आहे. मात्र रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये, निदान चुकते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पण गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलेले पीठ नको. डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते.

“एका घासाने काय होते?” असा आग्रह बांधवांनी करू नये. सामुदायिक भोजनात स्वच्छ, वेगळ्या परातीत व तव्यावर त्यांची भाकरी करावी. पंगतीतून कोणी उपाशी उठू नये.