ताकदीची गोळी



राजघाटाच्या पोरांनी तालमीत घाम गाळावा, हे चांगलेच. पण लवकर अंग भरावे म्हणून कोणी ‘ताकदीची गोळी’ दिली, तर सावध राहा. अमेरिकेत १९५८ साली ‘डायनाबॉल’ नावाने आलेले मेथँडायनोन हे पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम नक्कल आहे. स्नायू फुगतात, परंतु यकृत बिघडते, रक्तदाब वाढतो, वृषणे आक्रसतात, वाढत्या मुलांची उंची खुंटते.

तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली हेच द्रव्य सापडले. कोणीतरी अन्नात कालवले, असे त्यांचे म्हणणे होते. तरी क्रीडा लवादाने ४ वर्षांची बंदी घातली आणि रिओची कुस्ती हुकली.

पिकाप्रमाणे अंगही आपल्या वेळेनेच भरते. दूध, डाळ, शेंगदाणे, अंडी व पुरेशी झोप द्या. गोळी सुरू असेल तर न लपवता डॉक्टरांना सांगा.