साडेपाचचा जॉब

पहाटे ५.५०
मोशीतल्या घरी चहा उकळेपर्यंत लॅपटॉप उघडला. ओरॅकलच्या शेड्युलरमध्ये रात्रीच्या सगळ्या जॉबपुढे 'सक्सीडेड'. बंद केला.

६.४०
चाकणहून डिस्पॅचच्या मामांचा फोन. "मॅडम, लिस्ट कोरीच निघालीय. गाडी डॉकला लागलीय." साडेपाचचा जॉब ग्राहकाचं शेड्यूल उचलतो, त्यातून तयार मालाचा साठा वजा करतो आणि सातच्या गाडीची यादी लावतो. ग्राहकाच्या लाइनवर आमचा माल जेमतेम काही तासांचा असतो. गाडी चुकली की तिकडची लाइन थांबते.

६.४५
लॉगमध्ये कालावधी पाहिला. रोज चार मिनिटं घेणारा जॉब आज तीन सेकंदांत संपलेला. तिथंच पाल चुकचुकली. प्रोसीजरच्या तळाशी जुनी ओळ होती : 'व्हेन अदर्स देन नल'. म्हणजे कोणतीही एरर आली की गिळून टाकायची. शेड्युलरपर्यंत ती पोचतच नाही, मग तो यशस्वीच लिहिणार. ती ओळ काढून टेस्टवर हातानं चालवलं आणि एरर समोर आली, ओआरए-१२८९९. ग्राहकाच्या एका नव्या पार्ट नंबरात कॉलमच्या मापापेक्षा एक अक्षर जास्त होतं.

७.०५
मॅनेजरांची फोनवर परवानगी घेऊन कॉलम वाढवला, जॉब पुन्हा सोडला. यादी भरली. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली.

९.३०
नाशिक हायवेवर नेहमीची कोंडी.

११ ते ४
तीच ओळ आणखी नऊ प्रोसीजरमध्ये सापडली. लिहिणाऱ्यांनी ती घाईत, रात्री झोपमोड नको म्हणून टाकली असणार. पण झोपमोड टळत नाही, सकाळी डॉकवरच्या माणसाच्या माथी बसते. प्रत्येक ठिकाणी एरर लॉग-टेबलात लिहायची आणि मग 'रेज' करून वर पाठवायची, असं केलं. लॉगची नोंद ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवली, नाहीतर रोलबॅकबरोबर तीही पुसली जाते. जॉब फेल झाला की मेल येईल, हेही लावलं. यादीत शून्य ओळी आल्या तर जॉबनं स्वतःच फेल व्हायचं. मात्र गुरुवार वगळून : त्या दिवशी आमची साप्ताहिक सुट्टी, तेव्हा शून्य हेच बरोबर.

संध्याकाळी ६.१०
निघताना मामांना सांगितलं, "उद्या यादी कोरी निघायच्या आधी मला कळेल."

तुमच्या डेटाबेसमध्ये ही ओळ आहे का, ते आजच डीबीए_सोर्समध्ये शोधा. दोन मिनिटं लागतात.