स्वस्त सायकल, लांबची सफर

सुटीत सायकलवरून लांबच्या सफरीला जावे, असे तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटत असेल. पुण्याच्या मुलांना वाई खुणावते, तर नाशिकच्या मुलांना त्र्यंबकेश्वर. पण घोडे पेंड खाते ते पैशापाशी! दुकानातली गिअरची चकचकीत सायकल परवडत नाही आणि वडिलांकडे हट्ट धरावासा वाटत नाही. मग बेत सोडून द्यायचा का?

मुळीच नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलींवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १९२८ साली परतले. आजच्यासारख्या हलक्या सायकली तेव्हा नव्हत्या. सायकल हे यंत्रच मोठे काटकसरी आहे. चालताना दर किलोमीटरला जेवढी ऊर्जा खर्च होते, तिच्या सुमारे पाचव्या हिश्शात सायकलस्वार तेवढेच अंतर कापतो. मात्र यंत्र धड हवे. तेव्हा जुनी, साधी, काळी सायकल घ्या. पण ती पारखून घ्या. त्यासाठी एक दोरा, एक पेन्सिल आणि तुमच्या कंपासपेटीतली पट्टी एवढी साधने पुरतात.

आधी सांगाडा

रंगाला भुलू नका. सीटवर बसून पायांचे चवडे जमिनीला टेकतात का, ते प्रथम पाहा. मग दोऱ्याचे एक टोक मागच्या चाकाच्या आसापाशी बांधा, दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा आसापाशी आणा. आता सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचे अंतर मोजा. ते सारखे भरले तर सांगाडा सरळ आहे. अंतरांत चांगला फरक पडला तर तो वाकलेला आहे.

सांगाड्याच्या सांध्यांवरून बोट फिरवा. हँडलखालच्या नळीजवळ रंगाला सुरकुत्या पडल्या असतील, तर सायकल कोठेतरी समोरून जोरात आदळली आहे असे समजा. पुढचा चिमटा मागे दबला आहे का, तेही पाहा. सांगाड्याला किंवा चिमट्याला तडा दिसला, तर सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका! उतारावर चिमटा तुटला म्हणजे काय होईल, हे सांगायला नको.

चाके आणि चेन

चाक उचलून फिरवा आणि रिमजवळ पेन्सिल स्थिर धरा. रिम पेन्सिलीला एका जागी टेकते व दुसऱ्या जागी दूर जाते का? थोडा ‘आउट’ असेल तर दुकानदार तारा आवळून तो काढून देतो. पण रिमच चेपलेली किंवा गंजून पातळ झालेली असेल, तर तिचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

आता चेन. चेनच्या दोन लगतच्या खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. अशा २० कड्यांची लांबी किती? अगदी बरोबर, २५.४ सेंटिमीटर. चेन ताणून पट्टीने मोजा. लांबी २५.६ च्या पुढे गेली तर चेन झिजली आहे. गंमत अशी, की चेनचे लोखंड ताणले जात नाही. खिळे आणि त्यांची भोके घासून सैल होतात आणि चेन लांबते. अशी चेन दातेरी चक्रांचे दातही खाते. म्हणून ती वेळीच बदलावी.

घाटाचे गणित

तुम्ही म्हणाल, “गिअर नाहीत, मग घाट कसा चढायचा?” दात मोजा, म्हणजे कळेल. समजा, पायडलजवळच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात आहेत. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४४ फेऱ्या करते. २८ इंची चाकाचा परिघ सुमारे २.२ मीटर असतो. म्हणजे एका फेरीत सायकल ५.४ मीटर पुढे जाते.

आता तुमचे वजन ५० किलो, सायकल २० आणि सामान १० किलो, असे एकूण ८० किलो धरा. चढ २० मीटरला १ मीटर असेल, तर सायकल वर ढकलण्यास ८० ÷ २०, म्हणजे ४ किलो वजनाएवढा जोर लागतो. पायडल एका फेरीत सुमारे १.०४ मीटर फिरते. म्हणून पायडलवर सरासरी ४ × ५.४ ÷ १.०४, म्हणजे सुमारे २१ किलोचा जोर पडतो. घर्षण आपण हिशेबात धरलेलेच नाही!

फ्रीव्हील २२ दातांची बसवली तर? चाक २ फेऱ्या करील, सायकल ४.४ मीटर पुढे जाईल आणि जोर सुमारे १७ किलोवर येईल. सपाटीवर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी वेग १९ ऐवजी १६ किलोमीटर होईल, एवढेच. सफरीला निघालेल्याला घाई कसली? चेनला एखादी कडी वाढवावी लागते, पण गिअरच्या सायकलीपुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे.

येथे काटकसर नको

जवळचे सगळे पैसे सायकलीवर घालू नका. शंभरातले साठ सायकलीला आणि चाळीस दुरुस्तीला, असा हिशेब ठेवा. त्यातून ब्रेकचे नवे रबर, चांगले टायर आणि चाकांच्या हबमधले छरे व ग्रीस ही कामे आधी करा. घंटा आणि रंग मागून पाहता येतील.

ब्रेकची परीक्षा सोपी आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये. मागचाही तसाच तपासा. लोखंडी गुळगुळीत रिम पावसात भिजली, की रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो, घर्षण घटते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. म्हणून ओल्या उतारावर वेग आधीपासूनच कमी ठेवा आणि ब्रेक मधूनमधून हलकेच दाबून रिम पुसत राहा.

सायकलची पावती मागायला आणि सांगाड्यावरचा क्रमांक पावतीशी ताडून पाहायला विसरू नका. चोरीची सायकल स्वस्तात पडत नाही! मोठ्या सफरीआधी सामान लादून जवळच्याच गावी जाऊन या. कोठे काय कुरकुरते, ते सायकल स्वतःच सांगेल.

तर मग, उद्याच शेजारच्या सायकलीची चेन मोजून पाहा बरे! २० कड्या किती भरल्या?