माफी, मीठ आणि शाळा
लेखमाला : देशभक्तीच्या कसोट्या — लेखांक सहावा

देशावर प्रेम असल्याचे सांगण्यास कोणतेही श्रम पडत नाहीत, त्यामुळे देशभक्ताची पारख त्याच्या उद्गारांवरून करण्याची पद्धत जितकी सोयीची तितकीच फसवी ठरते. मागील लेखांकात दादाभाई नौरोजी यांनी हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडून देशप्रेमाला जमाखर्चाची भाषा कशी दिली, याचा विचार केला होता. ती भाषा पुढच्या पिढीत सर्वांत कसोशीने वापरली ती गोपाळ कृष्ण गोखले यांनी, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ‘हा मनुष्य देशभक्त म्हणावा काय’ हा प्रश्न त्यांच्याइतका फार थोड्या मराठी पुढाऱ्यांच्या वाट्याला आला. लोकमान्य टिळकांच्या जहाल पक्षासमोर गोखले मवाळ ठरले. सनदशीर राजकारण, म्हणजे अर्ज, ठराव, साक्ष आणि कायदेमंडळातील भाषण अशा कायद्याच्या चौकटीतील साधनांनी केलेले राजकारण, हे त्यांचे क्षेत्र होते. ब्रिटिश संबंध हा त्यांनी तात्पुरता का होईना पण ईश्वरी योजनेचा भाग मानला होता. ही भूमिका आजच्या वाचकाला अडखळवते आणि अडखळवावीच, कारण ती झाकून गोखल्यांचे गुणगान करणे हे त्यांच्याच रीतीविरुद्ध होईल.

त्यांच्या आयुष्यातील जो प्रसंग देशभक्तीच्या दृष्टीने सर्वांत नामुष्कीचा मानला गेला, तो 1897 सालचा आहे. त्या वर्षी पुण्यात प्लेगची साथ होती आणि प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेत होते. देवघरे आणि माजघरे उघडली जात होती, सामान बाहेर फेकले वा जाळले जात होते, आणि शहरात संताप खदखदत होता. त्याच सुमारास गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. हिंदुस्थान सरकारचा खर्च कसा होतो आणि त्यातला कोणता भार इंग्लंडने उचलावा, याची चौकशी करण्यासाठी नेमलेले हे कमिशन. त्यापुढे तिशी नुकतीच ओलांडलेल्या या प्राध्यापकाने दिलेली साक्ष जाणकारांनी वाखाणली होती. तिथे असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या वृत्तपत्राकडे सोजिरांच्या वर्तनाविषयी निवेदन केले, आणि त्यात दोन स्त्रियांवर बलात्कार झाल्याचा व त्यांतील एकीने नंतर जीव दिल्याचा आरोप होता. 22 जून रोजी पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली होती, त्यामुळे हे निवेदन जुलैच्या आरंभी छापून आले तेव्हा त्यावरून लंडनमध्ये खळबळ माजली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला.

गोखले परत आले तेव्हा त्यांना पुरावा हवा होता आणि पुरावा मिळेना. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांच्यापैकी कोणीही पुढे येऊन आरोप सिद्ध करण्यास तयार नव्हते. रँड यांच्या खुनानंतर पुण्यात धरपकडीचे वातावरण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माघारीचे कारण कळते. गोखल्यांनी त्या पत्रलेखकांची नावे उघड केली नाहीत. सगळी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली आणि ऑगस्टमध्ये आरोप बिनशर्त मागे घेऊन गव्हर्नर, प्लेग कमिटीचे सदस्य आणि सोजीर या सर्वांची जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यावर काय उमटले असेल, हे वेगळे सांगायला नको. भ्याड, नेभळट, सरकारधार्जिणे अशी विशेषणे त्यांच्या नावाला चिकटली, आणि त्या वर्षअखेरच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याभोवती रोष होता.

याच आठवड्यांत त्याच शहरातील दुसरी घटना या माफीच्या शेजारी ठेवली जाते, आणि ती ठेवणे योग्यही आहे. जुलैच्या अखेरीस टिळकांना ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. माफी मागून सुटका करून घ्यावी असा सल्ला त्यांना स्नेह्यांकडून आला असता त्यांनी तो धुडकावला, आणि सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा स्वीकारली. एकाने माफी मागितली, दुसऱ्याने नाकारली. लोकमानसाने या दोन गोष्टी एकाच तराजूत घातल्या आणि निकाल दिला. मात्र वस्तुतः दोघांपुढे असलेले प्रश्न एका जातीचे नव्हते. टिळकांवरचा खटला मतासाठी होता. राज्यकर्त्यांविषयी प्रतिकूल मत बाळगणे व ते लिहिणे हा अपराध आहे की नाही, हा त्यातला वाद होता, आणि मत हे दडपणाखाली मागे घेण्याची वस्तू नसल्यामुळे टिळकांचा नकार हेच त्यांच्या देशभक्तीचे प्रमाण होते. गोखल्यांनी मांडलेली गोष्ट मात्र वस्तुस्थितीविषयीची होती. अमुक माणसांनी अमुक स्त्रियांवर अत्याचार केला, असे विधान करणाऱ्यावर ते सिद्ध करण्याचे ओझे असते, आणि ते पेलत नसेल तर विधान मागे घेणे भाग पडते, मग समोरचा पक्ष परका राज्यकर्ता असो वा शेजारी.

तरीही या युक्तिवादाने गोखल्यांची पूर्ण सुटका होत नाही. पुरावा न मिळणे आणि घटना न घडणे यांत मोठे अंतर असते, विशेषतः ज्या काळात अत्याचाराची वाच्यता करणाऱ्या स्त्रीचीच बेअब्रू होत असे त्या काळात. तेव्हा ‘आरोप सिद्ध करता येत नाही म्हणून मागे घेतो’ इतकेच म्हणणे पुरेसे होते. माफीची व्याप्ती सोजिरांपर्यंत वाढवून त्यांच्या कामाचा गौरव करण्याची गरज नव्हती, आणि झडत्यांत ज्यांनी खरोखरच अपमान सोसला होता त्या शेकडो कुटुंबांना ते शब्द झोंबले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. गोखल्यांच्या स्वभावातील अतिरिक्त सभ्यपणा इथे सत्यनिष्ठेच्या पुढे धावला, असेच म्हणावे लागते. त्यानंतर मात्र आकडा पारखल्याशिवाय आणि कागद हाती असल्याशिवाय त्यांनी तोंड उघडले नाही. त्यांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्यावर 1897 ची छाप आहे.

त्या कार्यातील सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे अर्थसंकल्पावरील भाषणे. 1902 च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गोखले प्रथम अर्थसंकल्पावर बोलले. 1892 च्या कायद्याप्रमाणे सदस्यांना अर्थसंकल्पावर चर्चा करता येई, पण मतदान करता येत नसे, म्हणजे कितीही बिनतोड बोलले तरी एक पैदेखील इकडची तिकडे होण्याची सोय नव्हती. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी मोठी शिल्लक होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखवली जात होती, तेही 1896 पासूनच्या दोन भीषण दुष्काळांत लाखो माणसे मेलेली असताना. ही शिल्लक कोठून आली, हे गोखल्यांनी उलगडून दाखवले. हिंदुस्थानला दरवर्षी इंग्लंडमध्ये निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जाचे व्याज, भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च अशा बाबींवर पौंडांत रक्कम भरावी लागे. तिला गृहखर्च म्हणत. चांदीचा भाव घसरल्यामुळे रुपयाची किंमत 1894-95 च्या सुमारास 13 पेन्सांपर्यंत उतरली होती, आणि 240 पेन्सांचा एक पौंड विकत घेण्यासाठी साडेअठरा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढवण्यात आले होते. त्याआधीच टांकसाळी खासगी चांदीला बंद करण्यात आल्या होत्या, आणि पुढे रुपया 16 पेन्सांवर स्थिर झाला, तेव्हा तोच पौंड 15 रुपयांत मिळू लागला. गृहखर्च वर्षाला दीड कोटी पौंडांहून अधिक असल्यामुळे नुसत्या या फरकाने सरकारचे पाच कोटींहून अधिक रुपये वाचत होते. पण घसरणीच्या नावाने बसवलेले कर मात्र जागच्या जागी होते. म्हणजे शिल्लक ही सुबत्तेतून आलेली नव्हती, ती गरजेपेक्षा जास्त वसूल केलेल्या करांतून साठलेली होती.

या करांतील सर्वांत निर्दय कर मिठावरचा होता. 1888 साली तो मणामागे 2 रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. अडीच रुपयांचे 40 आणे आणि मणाचे शेरही 40, तेव्हा दर शेरामागे बरोबर एक आणा सरकार घेत होते, आणि हा आणा जहागीरदाराच्या स्वयंपाकघरात जितका पडे तितकाच रोजंदारीवर जगणाऱ्या कुळवाड्याच्या चुलीवरही पडे. खरे तर कुळवाड्यावर तो अधिक पडे, कारण ज्याच्या ताटात भाकरीबरोबर मिरची-मीठ एवढेच कोरड्यास असते त्याला मिठात काटकसर करता येत नाही, आणि त्याच्या गुरांनाही मीठ लागते. वर्षामागून वर्षे गोखले हाच मुद्दा नव्या आकड्यांनिशी मांडत राहिले. 1903 मध्ये मिठाचा कर 2 रुपयांवर, 1905 मध्ये दीड रुपयावर आणि 1907 मध्ये 1 रुपयावर आला. शेरामागचा आणा पाच पैंच्याही आत उतरला. हे सगळे एकट्या गोखल्यांच्या भाषणांचे फळ नव्हते, सरकारची शिल्लकच इतकी डोळ्यांवर येत होती की काही ना काही सोडणे त्याला भाग होते. तथापि सोडायचे तर ते मिठावर सोडा, हा आग्रह ज्याने सातत्याने धरला त्या माणसाच्या कामाला घोषणांची जोड नव्हती म्हणून त्याला देशभक्ती म्हणायचे नाही, असे ठरवले तर त्या व्याख्येतून चूलच वगळली जाते.

12 जून 1905 रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. सदस्याने घ्यायच्या सात शपथांत देशाला मनात अग्रस्थान देणे, देशसेवेतून स्वतःचा फायदा न पाहणे, जातिधर्माचा भेद न करता सर्व हिंदी लोकांना बंधू मानून सर्वांच्या उन्नतीसाठी झटणे, समाजाकडून मिळेल त्या वेतनात स्वतःचे व कुटुंबाचे भागवून अधिक अर्थार्जनाच्या मागे न लागणे, शुद्ध वैयक्तिक जीवन जगणे, कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करणे आणि समाजाच्या ध्येयाचे भान ठेवणे अशा गोष्टी होत्या. यांत परकीय सत्तेविरुद्ध एकही शब्द नाही, ही उणीव समकालीनांनी दाखवली आणि ती खरीच होती. पण भांडण न करण्याची शपथ देशसेवेच्या व्रतात घालावीशी वाटणे, हे ज्याने डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील फाटाफूट जवळून पाहिली होती त्यालाच सुचू शकते. सदस्याला पाच वर्षांची उमेदवारी करावी लागे आणि त्या काळात अर्थशास्त्र, इतिहास, कायदा यांचा अभ्यास करावा लागे. देशाविषयी बोलण्याआधी देश शिकून घ्यावा लागतो, ही त्यामागची कल्पना.

परक्या सरकारच्या तिजोरीकडे बोट दाखवणे एका अर्थी सोपे असते, कारण श्रोते आधीच आपल्या बाजूचे असतात. गोखल्यांच्या देशभक्तीला खरी झळ लागली ती प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात, जेव्हा विरोधात देशबांधवही उभे राहिले. 1911 च्या जनगणनेप्रमाणे हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास होते. मार्च 1911 मध्ये गोखल्यांनी मांडलेले विधेयक आजच्या दृष्टीने भित्रे वाटावे इतके सावध होते: सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी, तीही जिथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत अशाच भागात, सरकारच्या मंजुरीने, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा. मुलींचा विचार पुढे ढकललेला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग करून 1906 मध्ये तो सर्व संस्थानात लागू केला होता, त्यामुळे ही कल्पना हवेतली नव्हती. तिचे उदाहरण देशातच होते.

सरकारने पैशाचे कारण पुढे केले. जमीनदार वर्गातील सदस्यांना शेतावरचा मजूर हातचा जाईल, अशी धास्ती होती. आपले विधेयक फेटाळले जाणार याची पूर्ण कल्पना असूनही गोखले दोन दिवसांच्या चर्चेला उत्तर देण्यास उभे राहिले, आणि मार्च 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी ते फेटाळले गेले. इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, ती म्हणजे पुण्यातूनच महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती आणि शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कसा खर्च होतो ते दाखवले होते. त्या मागणीला पुण्याच्या सुशिक्षित देशभक्तांकडून बळ मिळण्यास तीस वर्षे लागली, हा गोखल्यांच्याही परंपरेवरचा ठपका आहे. फरक इतकाच की त्यांनी उशिरा का होईना तो प्रश्न राज्याच्या सर्वोच्च सभागृहात नेला आणि आपल्याच वर्गातील माणसांच्या मतांनी हरण्याची तयारी ठेवली.

गोखले 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी पुण्यात निवर्तले, आणि ज्यांच्याशी आयुष्यभर मतभेद झाले त्या टिळकांनी स्मशानात त्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांच्या हद्दीपुरताच होता, आणि खेड्यातले मूल त्याच्याबाहेरच राहिले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्येच खेड्यांसह सक्तीच्या व मोफत शिक्षणाचे पाऊल उचलले होते. त्यासाठी पैसा कोठून उभा केला आणि त्याला विरोध कोणाचा झाला, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.